यात कोणीच हरत नाही

जीजी,

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत घरात कोणी माझी चूक काढलेली नाही. काल सुनेला म्हणालो, "मी चहा पिऊन राहिलोय, पोहे मग देशील." बोललो आणि उगाच थांबलो. आतल्या खोलीतून "पितोय म्हण, बंडू, पितोय" असं यायला हवं होतं. आलं नाही. सून म्हणाली, "बाबा, काय झालं?" तिला काय सांगू? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला व्याकरण शिकवणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून रडू येतं, असं सांगू?

आपल्या घरी मराठी टिकली ती तुझ्यामुळे. आई लवकर गेली. नाना संस्थानच्या पागेवर होते. त्यांची अर्धी भाषा घोड्यांची आणि उरलेली हिंदी. "चल बे, रोटी खा ले" असं आपल्याला जेवायला बोलावणारे वडील रामबागेत दुसऱ्या कुणाचे नव्हते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलेली तू आई झालीस आणि मास्तरीणही. संध्याकाळी दिवे लागताना माझं बोट धरून राजवाड्यापर्यंत न्यायचीस आणि वाटेवरच्या पाट्या वाचायला लावायचीस. "शुध्द तुपाची मीठाई" अशी एक पाटी होती. त्यातल्या दोन चुका काढल्या तर सराफ्यातल्या खाण्याच्या गाड्यांवर भुट्ट्याचा कीस, एकच निघाली तर नुसतं चालणं. कीस मिळाला नाही असं मला आठवत नाही. दुसरी चूक तू डोळ्यांनी दाखवायचीस, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग तू मुलींच्या मराठी शाळेत शिक्षिका झालीस. मध्य भारत राज्य झालं आणि सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं इंदुरात बसू लागलं. त्यांच्या फायली पेट्यांमधून येत-जात असत. माझी नेमणूक इंदूरच्या छोट्या कचेरीत झाली, ती बाराही महिने इथेच. काम कसलं, तर सरकारला जे सांगायचं असेल ते मराठीत आणि हिंदीत नीट लिहून द्यायचं. पहिल्या दिवशी तू मला म्हणालीस, "वा बंडू, शब्दांवर पोट भरणार म्हणजे! मीठ जपून घाल हां."

मीठ मी जपून घातलं नाही, जीजी. साखर घातली.

तुला आठवतं ना, कसं सुरू झालं ते. क्षयाच्या रोग्यांसाठी इस्पितळात वेगळा वॉर्ड बांधायचा होता आणि पैसा नव्हता. एक समिती नेमली गेली, अध्यक्ष सरकारी, आणि तिनं ठरवलं की तिकिटं विकायची, सोडत काढायची, बक्षिसं द्यायची. उरलेल्या पैशातून वॉर्ड. जाहिरात आमच्याकडे आली. आमचे साहेब सज्जन माणूस. खुर्चीत पुढे झुकून मला म्हणाले, "देखो भाई, जुए का इश्तिहार नहीं लिखना है. सेवा का आवाहन लिखना है." मग त्यांनी एक कागद दिला. त्यावर कोणते शब्द वापरायचे नाहीत ते लिहिलं होतं. लॉटरी, नशीब, तिकीट, पैज. आणि हरणे. हे शेवटचं क्रियापद त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

मी बावीस वर्षांचा होतो. मला ते कोडं वाटलं. तिकिटाचं मी "सहयोग-पत्र" केलं. बक्षिसाची "कृतज्ञता-भेट" केली. विकत घेणाऱ्याला "आश्रयदाता" म्हटलं. आणि नंबर न लागलेल्याचं काय करायचं यावर दोन दिवस घालवून एका दुपारी मला ते वाक्य सुचलं. "यात कोणीच हरत नाही." ज्याला भेट मिळाली तो जिंकला, ज्याला नाही मिळाली त्याच्या हातून दान घडलं. साहेब उठून उभे राहिले. "क्या बात है भिया!" म्हणाले. साहेबांनी मला इंदुरी लाडानं भिया म्हणण्याची ती पहिली वेळ.

त्या दिवशी घरी येताना मी कचोऱ्या आणल्या होत्या. नाना खाटेवर बसून खोकत होते, तू वह्या तपासत होतीस. मी उभा राहून जाहिरात वाचून दाखवली. नानांनी मान हलवली, "बढिया लिख्या है छोरे." तू कागद मागून घेतलास आणि हळू आवाजात पुन्हा वाचलास.

"बंडू, हजार लोकांनी पैसे दिले आणि एकाला मिळाले. बाकीच्यांचं काय झालं?"

"त्यांनी दान केलं."

"दान करायचंय म्हणून घेतलं का त्यांनी ते? मग बक्षीस कशाला ठेवलंत? नुसती पेटी ठेवा की राजवाड्यासमोर."

"पेटीत कोण टाकतं, जीजी?"

"हेच तर म्हणतेय मी. दानाला कोणी येत नाही म्हणून जुगाराला बोलवायचं, आणि आला की म्हणायचं तू दानाला आलास."

मी चिडलो. तुला म्हणालो की माणसं खोकून खोकून मरताहेत आणि तू शब्दांचं घेऊन बसलीस. तू एवढंच म्हणालीस, "शब्दांचं मी घेऊन बसले नाही. तू बसलायस. तुझीच नोकरी आहे ती." मग कचोरी उचलून खाल्लीस. भांडण चालू असताना खाणं टाकायचं नाही, हा तुझा नियम होता.

त्या वर्षी दिवाळीत आपल्या गल्लीत पोलीस आले होते. ओट्यावर तीन पत्ती खेळणाऱ्या चौघांना धरून नेलं. त्यातले दोघे गिरणीतले, एक आपला दूधवाला. ते चौघं मान खाली घालून चौकीच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर माझी जाहिरात चिकटवलेली होती. भाग्य उजळा, रुग्णसेवा करा. तू मला कोपरानं ढोसलंस. दोघांनाही हसू आवरेना. तू म्हणालीस, "बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. वर एक ओळ लिहून मग पत्ते वाटायचे." किती हसलो आपण त्या सकाळी. भांडण त्यातच संपलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या शाळेत गेंदाबाई होती. घंटा वाजवायची, पाणी भरायची, मुलींच्या वेण्या सुटल्या तर घालून द्यायची. विधवा बाई, माळव्यातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली. शाळेच्या फाटकाशी जाहिरात लागली तेव्हा तिनं तुलाच विचारलं, "बैणजी, यो कई लिख्यो है?" तू वाचून दाखवलंस. सांगितलंसही की याच्या नादी लागू नकोस. पण तुझं सांगणं एका बाजूला आणि सरकारी शिक्का एका बाजूला. तिनं पायातली चांदीची कडी सराफ्यात विकली आणि मूठभर सहयोग-पत्रं घेतली. तुला सांगितलं नाही.

सोडत राजवाड्यासमोर निघाली. खोटं कशाला बोलू जीजी, तो दिवस मला अजून सुंदर आठवतो. बँड, पताका, दुधाची शिकंजी विकणारे, माणसांच्या खांद्यावर बसलेली मुलं. हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. एका शाळकरी मुलीनं फिरत्या पिंपात हात घालून चिठ्ठ्या काढल्या. माझं वाक्य ध्वनिक्षेपकावरून मराठीत आणि हिंदीत दहा वेळा म्हटलं गेलं, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मी गर्दीत तुला शोधत होतो. तू आली नव्हतीस.

चौथ्या दिवशी गेंदाबाई आमच्या कचेरीत आली. तुझा भाऊ म्हणून ती मला ओळखत होती. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि पदराची गाठ सोडून तिनं सगळी पत्रं माझ्यासमोर ठेवली. एकही दुमडलेलं नव्हतं.

"म्हारो नंबर नी लाग्यो, भैया," ती म्हणाली. "तो म्हारा पैसा पाछा दई दो."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. कोणीच हरत नाही याचा अर्थ तिनं सरळ घेतला होता. नंबर लागला तर बक्षीस, नाही लागला तर आपले पैसे परत. दुसरा काय अर्थ होतो, तूच सांग.

मी म्हणालो, "बाई, तुमचं दान सत्कारणी लागलं."

तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "दान करनो होतो तो म्हूं मंदिर में करती. म्हने दान नी करयो. तमने लिख्यो थो, कोई नी हारे."

माझं वाक्य माझ्यासमोर उभं राहून पैसे मागत होतं. मी पत्रं गोळा करून तिच्या हातात दिली. ती पुन्हा नीट पदरात बांधून गेली.

घरी येऊन मी तुला सांगितलं नाही. पण तिनं तुला सांगितलंच. पहिल्या सोडतीला इतका प्रतिसाद मिळाला की महिनाभरात दुसरी जाहीर झाली. जाहिरात तीच, वाक्य तेच, फक्त कागदाचा रंग बदलला.

त्या आठवड्यात तू सातवीच्या वर्गात फळ्यावर माझं वाक्य लिहिलंस. मुलींना म्हणालीस, वाक्य शुद्ध आहे, पण खरं आहे का ते बघा आणि नसेल तर दुरुस्त करा. मुलींनी दुरुस्त केलं. प्रत्येकीच्या वहीत तुझ्या बरोबरच्या खुणेसह लिहिलं गेलं, "यात एकदोघे सोडून सगळे हरतात." त्यातली एक वही समितीच्या एका सभासदाच्या घरी उघडली गेली.

इथून पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर ती वही होती. म्हणाले, "बाई आपकी बहन हैं ना? समितीवाले तर नोकरीवरून काढा म्हणताहेत. शिक्षण खात्याला पत्र जाणारच. मग तुम्हीच लिहा. तुमच्या हातचं असेल तर नरम राहील." मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणण्यानं फार तर काय झालं असतं, हे मी नंतर पन्नास वर्षं मोजत बसलो. पण त्या वेळी मला खरंच वाटलं की माझ्याइतकं नरम दुसरं कोणी लिहिणार नाही. मी तुला वाचवायला बसलो होतो, जीजी.

दुपारभर ते पत्र लिहीत होतो. तक्रार हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. शिक्षा नाही, चूक नाही. लिहिलं की सदर शिक्षिका अत्यंत बुद्धिमान व तळमळीच्या आहेत. शहरातील सार्वजनिक कार्यांशी त्यांचा मेळ बसत नसला तरी त्यांच्या गुणांचा लाभ दूरच्या भागातील, शिक्षणापासून वंचित मुलींना मिळावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. साहेब वाचून म्हणाले, "वाह. ये तो सम्मान-पत्र हो गया." मलाही तसंच वाटलं. मला वाटलं, इतकं चांगलं लिहिल्यावर शिक्षण खातं काही करणार नाही.

शिक्षण खात्यानं शब्दाला शब्द मान्य केला. तीन आठवड्यांत तुझी बदली झाली. नर्मदेपलीकडे निमाडातलं गाव, बस दिवसातून एक.

ऑर्डर आली त्या संध्याकाळी तू ती नानांना वाचून दाखवलीस. "आपल्या गुणांचा लाभ दूरच्या भागातील मुलींना मिळावा." मग कागदावरून नजर न काढता म्हणालीस, "काय छान लिहिलंय रे. कोणी लिहिलं असेल?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

नाना म्हणाले, "हां तो, गुणों की कदर हुई छोरी की." त्यांना खरंच आनंद झाला होता. गल्लीत सांगून आले.

तू गेलीस. जाताना मला नानांच्या दम्याच्या औषधाचं सगळं समजावलंस. कोणती पुडी मधातून द्यायची, रात्री खिडकी किती उघडी ठेवायची, पाऊस लागला की खाट कुठे सरकवायची. मी मान हलवत होतो. टांगा वळेपर्यंत तू हात हलवत होतीस.

पाच वर्षं तू तिकडे होतीस. सुट्टीत यायचीस तेव्हा तिथल्या मुलींच्या गोष्टी सांगायचीस. कोणी शेळी घेऊन शाळेत यायची, कोणी दोन महिन्यांत बाराखडी वाचायला लागली. तुझा चेहरा उजळायचा. मी मनात म्हणायचो, बघ, झालाच ना लाभ. माणूस स्वतःलाही किती छान लिहून देतो, जीजी.

तिसऱ्या पावसाळ्यात नाना गेले. शेवटचे दोन दिवस ते तुझंच नाव घेत होते. मी तार केली. पण नर्मदेला पूर होता, पुलावर पाणी चढलं होतं, बस अलीकडे येईना. तू काठावर एक दिवस आणि एक रात्र थांबलीस आणि पाणी ओसरल्यावर कुणाच्या तरी ट्रकमधून आलीस. आलीस तेव्हा खाट उचलून ठेवली होती. तू ओल्या लुगड्यानं ती जागा बघत उभी राहिलीस. मग मला विचारलंस, "तू जेवलास का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

वॉर्ड मात्र झाला. हे मला तुझ्याशी भांडताना म्हणायला आवडायचं, आणि आजही म्हणतो. तू इंदुरात परत आलीस त्यानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या बायकोला, मालतीला, क्षय निघाला. त्याच वॉर्डात तिला ठेवलं. मोठ्या खिडक्या, स्वच्छ फरशी, दारावर "आश्रयदात्यांच्या सहयोगाने" अशी दगडी पाटी. तू रोज शाळा सुटल्यावर डबा घेऊन पायी यायचीस. ती बरी होईपर्यंत एक दिवस चुकवला नाहीस. एकदा आपण बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, "जीजी, हा वॉर्ड नसता तर मालती वाचली नसती."

"हो," तू म्हणालीस. "वॉर्ड चांगला आहे. वाक्य खोटं होतं. दोन्ही खरं आहे, बंडू. एकानं दुसरं पुसलं जात नाही."

"मग तू काय केलं असतंस?"

तू डब्याचं झाकण लावलंस. मग म्हणालीस, "मला माहीत नाही. पण गेंदाबाईला खरं सांगून पैसे घेतले असते." आपलं हे भांडण असंच अर्ध्यावर राहिलं. तू असतीस तर उद्याही पुढे चालू ठेवता आलं असतं.

पुढे राज्यांच्या खऱ्याखुऱ्या लॉटऱ्या आल्या. राजवाड्याभोवती टपऱ्या लागल्या, दोऱ्यांवर रंगीत तिकिटं वाळत घातल्यासारखी लटकू लागली. आता लॉटरी म्हणायला कुणाला लाज राहिली नव्हती, फक्त खाली बारीक अक्षरात विकास, शिक्षण, आरोग्य असे शब्द येत. मी तोपर्यंत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर होतो. एका बैठकीत जाहिरातीसाठी ओळ मागितली गेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कागदावर लिहिलं, "बहुतेकांना काही मिळणार नाही." आणि पुढे सरकवलं. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "भाईसाहब आज मूड में हैं." मी हसलो नाही. मग ते काम दुसऱ्याकडे गेलं, आणि त्यानं जे लिहिलं ते माझ्या पहिल्या वाक्याहून फार वेगळं नव्हतं. काही बिघडलं नाही, काही थांबलं नाही.

संध्याकाळी तू आमच्याकडे आली होतीस, तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की डोळे पुसावे लागले. "बहुतेकांना काही मिळणार नाही!" परत परत म्हणत होतीस. तुझं ते हसणं मला कुठल्याही पदकापेक्षा मोठं वाटलं. आणि लगेच वाटलं, आता सांगावं. पण मालती चहा घेऊन आली आणि विषय बदलला. विषय नेहमीच बदलायचा. मी बदलू द्यायचो.

रामबाग सुटली, सुदामा नगरात हे घर झालं. तू निवृत्त होऊन आमच्याकडे आलीस. मालती गेल्यावर तर तू आणि मी, सकाळी समोरासमोर दोन खुर्च्या, मधे वर्तमानपत्र. तू चुकांवर खुणा करायचीस, मी वाद घालायचो. रोज इतकं बोलत होतो आपण. ते एक सोडून सगळं. तुला कळलं होतं का, हा प्रश्न मला पन्नास वर्षं होता. कधी वाटायचं, माझी वाक्यं ओळखणार नाहीस तर तू कसली? कधी वाटायचं, कळलं असतं तर तू बोलली असतीस. गप्प बसणं तुझ्या स्वभावात कुठे होतं?

त्या सकाळी तू वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसली होतीस. मी अंघोळ करून आलो तर चष्मा खाली पडलेला. मी तो उचलून तुझ्या हातात द्यायला गेलो. एवढंच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

आणि परवा एक बाई भेटायला आल्या. साठीच्या पुढच्या, केस पांढरे, गुडघे धरून सोफ्यावर बसल्या. विमल नाव म्हणाल्या. तू गेल्याचं वर्तमानपत्रात वाचून आल्या होत्या. म्हणाल्या, "मी बाईंच्या सातवीच्या वर्गात होते. ती वही माझी होती."

त्या पुढे बोलल्या. वडील समितीवर होते. त्यांनी सहज वही चाळली आणि मग घरात आरडाओरडा झाला. तुझी बदली झाल्याचं कळलं तेव्हा ती मुलगी शाळेत तुझ्यापाशी येऊन रडली होती. माझ्या वहीमुळे झालं ना बाई, म्हणाली होती.

"बाईंनी माझे डोळे पुसले," विमलताई सांगत होत्या. "म्हणाल्या, तुझ्या वहीमुळे नाही गं. पत्र एकानं लिहिलंय, त्याच्यामुळे. पण तू त्याचाही राग करू नकोस. त्याच्या घरी दम्यानं आजारी वडील आहेत. कोणीतरी एक इथे राहायला पाहिजे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला तेव्हा काही समजलं नाही. तुम्हाला माहीत आहे का हो, कोण होता तो?"

"मी," मी म्हणालो.

जीजी, आयुष्यात पहिल्यांदा ते मी मोठ्यानं म्हटलं, आणि ते एका अनोळखी बाईसमोर. त्यांना राग आला असेल, आणि यायलाच हवा होता. पण त्यांनी विचारलं, "आणि वडील?"

"तिसऱ्या वर्षी गेले. ती पोचू शकली नाही."

त्या उठताना माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. दार लावून आलो तर मुलगा आणि सून दोघंही उभे होते. मुलगा म्हणाला, "बाबा, काय झालं? काय म्हणत होत्या त्या?"

मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. सदर नाही, नम्रपणे नाही, लाभ नाही. तुलाही आता तसंच सांगतो.

ते पत्र मी लिहिलं. तुझी बदली माझ्यामुळे झाली. नाना गेले तेव्हा तू त्यांच्याजवळ नव्हतीस, ते माझ्यामुळे. तुला सगळं माहीत होतं आणि तू मला विचारलंस, जेवलास का. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. आता मागतोय.

तुझा
बंडू